हिमालय कशाला, भरतीची वेळ बघा

'स्वतःला शोधायचं तर हिमालयात जायला हवं' असं बरेच जण म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. मी नवी मुंबईत नेरुळला राहते. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात. त्यांचं पहिलं चित्र मी मनानेच काढलं, गुडघे पुढे वाकलेले. मग तासभर नुसती बघत बसले. पाय मागे वाकतो, कारण तो गुडघा नाहीच, घोटा आहे! उलट्या चोचीने पाणी गाळणारा पक्षी जसा दिसला तसा काढला, आणि शाळेपासून मनात रुतलेलं 'तुला चित्रकला जमणार नाही' त्या दिवशी गळून पडलं. भरतीला जा, खाडीतला चिखल बुडाला की पक्षी नेरुळच्या तळ्यांवर येतात.