मिनिएचरला मराठीत काय म्हणावं?

मिनिएचर बनवण्याच्या कलेवर लेख लिहितोय, पण शब्दापाशीच अडलोय. 'लघुचित्र' चित्रकलेने कधीच उचललाय. चिमुकल्या खोल्या, फर्निचर, भांडी घडवतात, त्या कलेला काय म्हणायचं?

— लघुप्रतिकृती. बाकी, मूळ शब्दाचं लहानपणाशी नातं नाही. लॅटिनमध्ये 'मिनिअम' म्हणजे शेंदूर. हस्तलिखितं त्या रंगाने सजवत, त्यातली चित्रं लहान असत, म्हणून लहानपणाचा अर्थ मागाहून चिकटला.

— शेंदराची माहिती छान, पण 'प्रतिकृती' म्हटलं की मूळ वस्तू हवीच. फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी 1940च्या दशकात गुन्ह्यांच्या तपासाचं प्रशिक्षण देण्यासाठी छोट्या खोल्या केल्या. वेगवेगळ्या खऱ्या प्रकरणांतले तपशील एकत्र करून रचलेल्या. मूळ खोली दाखवा म्हटलं तर कुठली दाखवणार? मी 'लघुरचना' म्हणेन.

— सूक्ष्मकला?

— नको. सुईच्या नेढ्यात मावणारी, भिंगाखाली बघायची शिल्पं असतात, 'सूक्ष्म' त्यांच्यासाठी राहू दे.

— भातुकली! (बरं, गप्प बसतो.)

— मी हे काम करते, म्हणून क्रियापदाबद्दल बोलते. 'लहान करणे' लिहू नका, 'प्रमाणात बसवणे' लिहा. 1:12 हे रूढ प्रमाण, म्हणजे फुटाला इंच. 180 सेंमीचं दार 15 सेंमीचं होतं. वजनाचं गणित मात्र वेगळं: लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाराव्या हिश्शाला आल्या की वजन 1,728व्या हिश्शाला येतं. त्यामुळे पडदा स्वतःच्या भाराने पडतच नाही, फुगून उभा राहतो. चुण्या टाचण्यांनी धरून, पातळ गोंद लावून वाळवाव्या लागतात. उशीवरचा खळगाही मुद्दाम पाडायचा. लाकूड बारीक रेषांचं निवडायचं, नाहीतर टेबल ओंडक्यासारखं दिसतं. पाण्याचा थेंब तर ऐकतच नाही. चित्रपटात मिनिएचर जहाज जास्त वेगाच्या कॅमेऱ्याने टिपतात, म्हणजे लाटा संथ आणि मोठ्या वाटतात, तरी थेंबांच्या आकारावरून चोरी पकडली जाते. अर्धं काम असं सोंग वठवण्याचं आहे.

— मग 'रचना'च योग्य. नुसतं आकसून हे होत नाही.

— ठरलं तर. कलेला लघुरचना, आणि खऱ्या वस्तूची हुबेहूब नक्कल असेल तिथेच लघुप्रतिकृती. करणाऱ्याला लघुरचनाकार?

— जीभ अडखळते, पण 'मिनिएचरकार'पेक्षा बरं. पहिल्या उल्लेखाला 'मिनिएचर' शेजारी ठेवा, नाहीतर वाचक कवितेचा लेख समजून उघडेल.