शब्दचर्चा : पट्टी, उच्चनीचता, सप्तक

प्रश्न : आमच्याकडं परळीला भजनाला बसले की पेटीवाल्याला विचारतेत, "पट्टी कोणती?" तो म्हणतो, "काळी चार." पोरीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र वारंवारिता, उच्चनीचता. हे सगळं एकच हाय का? आन् सप्तक सात सुरांचं, तर इंग्रजीतला ऑक्टेव्ह आठाचा कसा?

उत्तर : एकच नाही, माउली. सेकंदाला किती कंपनं, ती वारंवारिता, हर्ट्झमध्ये मोजतात. कानाला सूर उंच की खालचा वाटतो, ती उच्चनीचता. आणि षड्जासाठी, म्हणजे 'सा'साठी, आपण निवडलेली जागा म्हणजे पट्टी. पेटीच्या मधल्या सप्तकात काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, सुमारे 277 हर्ट्झ, काळी चार 415. पट्टी बदलली की सगळे आकडे बदलतात, अभंगाची चाल तीच राहते, कारण कान सुरांमधली वजाबाकी धरत नाही, पट धरतो. 277 चा वरचा सा 554, त्याच्या वरचा 1108. आधी 277 ची भर, मग 554 ची. तरी चढण सारखीच वाटते, कारण दोन्ही वेळा दुप्पटच.

आठाचं सोपं आहे. ऑक्टेव्हमध्ये दोन्ही टोकांचे सा मोजतात, आपण वरचा सा पुढच्या सप्तकाला देतो.

या दुपटीची एक जुनी नोंद तर आपल्या अंगणात आहे! 13 व्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर'मध्ये लिहून ठेवलंय : मंद्र म्हणजे खालचा सूर हृदयात, मध्य कंठात, तार म्हणजे वरचा मस्तकात, आणि पुढचा प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. मराठवाड्यातल्या शाळांत ध्वनीचा धडा घेताना हे नाव यायलाच हवं.

प्रश्न : मग 'आवाज वाढव' म्हणलं की वारंवारिता वाढती?

उत्तर : नाही. तिथं जोर वाढतो, म्हणजे कंपनाचा आयाम. सूर तोच. 'आवाज चढला' मात्र आपण दोन्ही अर्थांनी म्हणतो, म्हणून भजनात 'वरच्या पट्टीत घ्या' असंच सांगावं.

आणखी एक : तंबोऱ्यासोबत पेटीचा गांधार, म्हणजे 'ग', खटकतो तोही याच हिशेबानं. शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट, काळी एकला 346.5 हर्ट्झ. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले, त्यामुळं तिचा गांधार 349 वर जातो. पंचमाचा, म्हणजे 'प'चा, फरक अर्धा हर्ट्झसुद्धा नाही, तो सहज मिसळतो.