अतिश्रीमंतांना समाज बदललेला खरंच हवा असतो का?

गिरणगावकर
अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई घ्या. १९१५ साली गांधींनी आश्रमात अस्पृश्य कुटुंबाला जागा दिली आणि देणग्या आटल्या. तेव्हा मोटारीतून आलेला एक शेठ १३,००० रुपयांच्या नोटा हातावर ठेवून निघून गेला. तो अंबालालच, असं मानलं जातं. पुढे १९१८ मध्ये प्लेगचा बोनस (साथीत कामगार पळून जाऊ नयेत म्हणून दिलेली जादा मजुरी) बंद झाला आणि कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली. मालकांची फळी अंबालालच सांभाळत होते. २० टक्क्यांच्या वर काही नाही म्हणत फेब्रुवारीत गिरण्यांना टाळं लावलं. शिवाशिव गेल्याने शेठजींच्या तिजोरीला काही होत नाही, मजुरी वाढली की होतं. एवढंच माझं म्हणणं.

सुमती_वाई
१९१५ च्या अहमदाबादेत शिवाशिव मोडायला मदत करणं फुकटचं होतं का? नातेवाईक, व्याही, पंगतीतलं पान, सगळं पणाला.

गिरणगावकर
म्हणून तर नाव न सांगता दिले ना!

करवीरचा_नाथा
मुंबईकरांना गिरण्यांपलीकडे काही दिसत नाही (हलकेच घ्या). शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. यांना कोणाची मतं मागायची होती? मनातून हवं होतं म्हणून केलं.

तिरकस
आणि तेच आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले तेव्हा राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. महाराजांची इच्छा कचेरीतल्या शिपायापर्यंतसुद्धा पोचली नव्हती, तो फायली लांबून फेकायचा.

करवीरचा_नाथा
मग ही लाज कोणाची? महाराजांची की पगारदार कारकून-शिपायांची? प्रश्न श्रीमंतांचा आहे आणि तुम्ही पुरावा देताय मध्यमवर्गाविरुद्ध. आपल्याविरुद्धच म्हणा की.

सुमती_वाई
नाथा, पटलं. आणि गिरणगावकर, त्याच संपात कामगारांच्या बाजूने कोण होतं? अनसूयाबेन, अंबालालची सख्खी बहीण. भावाच्या गिरणीसमोर उभ्या राहिल्या, १९२० मध्ये मजूर महाजन ही कामगारांची संघटना उभी केली. त्या काय गरिबाघरच्या होत्या?

गिरणगावकर
नव्हत्या, पण गिरणीचा हिशेब भावाकडे होता. आणि भाऊ नमला कधी? गांधी उपोषणाला बसल्यावर. तरी तडजोड कशी, तर पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, नंतर लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. लवादाने शेवटी ३५ च दिले! म्हणजे मागणी वाजवी होती आणि परवडतही होती. मनातून द्यायचे असते तर फेब्रुवारीतच दिले असते.

तिरकस
आजचं बोला. वारसा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. शाळा बांधणारे, इस्पितळं काढणारे शेठ पुष्कळ. हे कर परत आणा म्हणणारा एक दाखवा.

सुमती_वाई
भारतातला लगेच आठवत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये बुश सरकार वारसा कर काढायला निघालं, तेव्हा बिल गेट्सचे वडील आणि वॉरन बफे तो ठेवा म्हणून उभे राहिले होते. अपवाद म्हणा हवं तर. पण ‘कधीच नाही’ असं म्हणायची सोय राहत नाही.

तिरकस
बफेंवर नंतर लिहितो, त्यांच्याकडेही वारसा करातून सुटायच्या वाटा आहेतच.