शब्दचर्चा : ‘व्हेकेट’ केलेल्या विजयाला मराठीत काय म्हणाल?

हुरडापार्टी : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या कॉलेज खेळांवर लिहितोय आणि आठवडाभर एका शब्दापाशी अडून बसलोय. कॉलेजने खेळाडू मिळवताना नियम मोडले (पैसे चारले, भलत्या सोयी पुरवल्या) की एनसीएए ही नियामक संघटना कधी कधी जुने विजय ‘व्हेकेट’ करते. उदाहरणार्थ, लुईव्हिल विद्यापीठाने २०१३ साली अटलांटात मिशिगन विद्यापीठाला ८२–७६ असं हरवून बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढे उघडकीला आलं की संघात येऊ पाहणाऱ्या पोरांसाठी वसतिगृहात नर्तकी बोलावल्या जायच्या, आणि त्याहून पुढचेही प्रकार व्हायचे. सोय करणारा संघाचाच कर्मचारी. २०१८ मध्ये विजेतेपद गेलं, १२३ विजय गेले, मैदानात टांगलेला विजेतेपदाचा झेंडाही उतरवला.

मी ‘रद्द’ लिहिलं होतं. बायको म्हणाली, रद्द म्हणजे पावसाने होतो तो. सामना झालाच नाही असं वाटतं.

निंबोणी : सरळ ‘काढून घेतला’ म्हणा ना.

हुरडापार्टी : ताई, काढून घेतलेलं कुणाला तरी मिळतं. त्याला इथे ‘फॉरफिट’ म्हणतात, तिथे विजय समोरच्याच्या नावावर चढतो. व्हेकेटमध्ये मिशिगन हरलेलंच राहिलं! आणि विजेत्याच्या रकान्यात कुणीच नाही. मी मिशिगनवाला, त्यामुळे हे दुखणं घरचंच.

रेवदंडा : ‘खालसा’ कसा वाटतो? विजेतेपद खालसा केलं. कानाला भारदस्त लागतं.

निंबोणी : खालसा मुलूख सरकारजमा होतो. एनसीएए स्वतः अजिंक्य झाली का मग? :)

मुनीमजी : मी शाळामास्तर. मतपत्रिका होत्या तेव्हा मतमोजणीच्या टेबलावर बरेचदा बसलोय. तुम्हाला हवा तो शब्द तिथला आहे : बाद. मत पडलेलं असतं, शिक्का डोळ्यांना दिसत असतो, मतदार घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. पण ते ना ह्याच्या बेरजेत, ना त्याच्या. जुन्या हिशेबातही बाद म्हणजे वजा. तेव्हा ‘विजय बाद ठरवले’.

रेवदंडा : काका, कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा उठतो की!

मुनीमजी : म्हणून नुसतं ‘बाद विजय’ नको. ‘ठरवले’ जोडा, म्हणजे ठरवणारा कुणीतरी आहे हे कळतं.

हुरडापार्टी : पटलं. लुईव्हिलचे चाहते नेमकं तेच म्हणतात : सामना आम्ही डोळ्यांनी पाहिलाय, तुम्ही कागदावर काहीही ठरवा. तेव्हा त्याच राज्यातल्या केंटकी विद्यापीठवाल्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. आमचे मिशिगनवालेही हसले. पण १९९२ आणि १९९३ च्या अंतिम फेऱ्यांचे आमचे झेंडे २००२ मध्ये उतरवले होते, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही. एका बेकायदा सट्टेवाल्याने चार खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिले होते.

निंबोणी : आपला तो बाब्या.

हुरडापार्टी : हो, आणि बाब्यासाठी शब्दही वेगळे असतात. आमचे तेव्हाचे (अमेरिकन) फुटबॉल प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर ठपका होता की कोविडमुळे भेटीगाठींना बंदी असताना त्यांनी संघात येऊ पाहणाऱ्या खेळाडूंशी संपर्क ठेवला आणि चौकशीत खरं सांगितलं नाही. चाहत्यांनी त्या सगळ्या प्रकरणाचं नाव ठेवलं ‘बर्गर’. एका पोराला बर्गर खाऊ घातला म्हणून केवढा छळ! बर्गरचा हा मुद्दाच नाही, असं एनसीएएच्या अधिकाऱ्याला जाहीरपणे सांगावं लागलं. कोण ऐकतंय? २०२३ च्या मोसमात पहिले तीन सामने त्यांना कॉलेजनेच बाहेर बसवलं, तर संघाचा खेळाडूच ‘हार्बॉंना सोडा’ असा शर्ट घालून आला. ह्या ‘बर्गर’ला मराठी काय?

रेवदंडा : चहापाणी. आणखी काय?

निंबोणी : अगदी! स्वतःचं असलं की चहापाणी, दुसऱ्याचं असलं की लाचखोरी. बर्गर तसाच ठेवा, कंसात चहापाणी टाका.

हुरडापार्टी : जाता जाता ‘बूस्टर’चंही सांगा. म्हणजे कॉलेजच्या संघावर पैसे उधळणारे धनिक. आपल्याकडे लोकांना लशीचा डोस आठवेल. ‘आश्रयदाता’ म्हणजे संगीत नाटक वाटतं. नियमपुस्तकात त्यांना ‘क्रीडाहिताचे प्रतिनिधी’ म्हटलंय.

मुनीमजी : मग ‘हितचिंतक’. चौकातल्या फलकांवर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली असतात तेच. खर्च कुणी केला ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

हुरडापार्टी : एक गुंता उरला. लुईव्हिलच्या खेळाडूंनी दावा लावला आणि २०१९ मध्ये तडजोड झाली. विजेतेपद बादच राहिलं, पण त्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा ल्यूक हॅनकॉकचा मान आणि दावा लावणाऱ्यांची वैयक्तिक आकडेवारी परत मिळाली. संघ जिंकलाच नाही, पण जिंकून देणारा कायम. हे कसं लिहू?

मुनीमजी : मत बाद, बोटावरची शाई कायम.

हुरडापार्टी : घेतलं! संपादकांनी ‘हितचिंतक’ कापला तर मात्र मला बोल लावू नका.