अनुभव धागा: पुरावा नव्हता, तरी मला पटलं होतं

परवा आमच्या पार्किंगमध्ये दोन काका एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी होते. विषय काय, तर माणूस चंद्रावर गेलाच नाही. एक म्हणतात झेंडा फडकतोय बघा, तिथे वारा कुठून आला. दुसरे म्हणतात अहो वरून आडवी दांडी घातली होती म्हणून तो ताठ दिसतो. त्यावर पहिले, "दांडीचं तुम्हाला कोणी सांगितलं? नासानेच ना?" संपला विषय. सहा मोहिमांतून ३८२ किलो दगडमाती आणली, तिथे ठेवलेल्या आरशांवर अजून लेसर मारून अंतर मोजतात, सगळं माझ्या तोंडावर आलं होतं पण गिळलं, कारण तेवढ्यात मला माझाच गणपती आठवला.

२१ सप्टेंबर १९९५, मी तिसरीत, नारायण पेठेत राहायचे. शेजारच्या काकू ओरडत आल्या, गणपती दूध पितोय. दोन तास रांगेत उभी राहिले, चमचा सोंडेला लावला आणि दूध गेलं. गेलं म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत गेलं. नंतर टीव्हीवर दाखवलं की हे पृष्ठताणामुळे होतं, शास्त्रज्ञांनी रंगीत दूध लावून दाखवलं की ते मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळत खाली जातं. ते मी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गेले तर आंबूस वास, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याला मुंग्यांची ही रांग. तेव्हा कळलं दूध कुठे गेलं ते. पण खरं सांगते, शाळेत पुढची दोन वर्षं मी "मी स्वतः पाजलंय" हेच सांगत होते.

तर अट एकच. दुसऱ्याचा मूर्खपणा नको, त्याचा साठा सगळ्यांकडे आहे. स्वतःचं सांगा. तबकड्या, नोटेतली चिप, जगबुडी, काहीही. का पटलं आणि सुटलं असेल तर कसं. सुटलं नसेल तरी चालेल, मी हसणार नाही. बाकीच्यांची हमी देत नाही.

गच्चीवाला, कोथरूड

आयटीत आहे, म्हणजे सॅटेलाईट माहीत नाही अशातला भाग नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणायला गेलो होतो, नुकता अंधार पडलेला, आणि आभाळात दिव्यांची माळ. चाळीस-पन्नास दिवे, एका ओळीत, एकामागे एक सरकतायत, आवाज शून्य. पाय गार पडले राव. पहिला विचार सॅटेलाईटचा नव्हता, पहिला विचार "आले" असा होता. कोण आले ते विचारू नका. व्हिडिओ काढला, हात किती थरथरतोय ते त्यात दिसतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं "हे विमान नाही". दहा मिनिटांत अर्धी सोसायटी वर, कुरडया पायाखाली.

रात्री अकराला बायकोने शोधून दाखवलं, स्टारलिंक. २०१९ पासून सोडतायत, सुरुवातीला एकेका वेळेस साठ-साठ, सोडल्यावर काही दिवस अशी माळ दिसते मग साडेपाचशे किलोमीटरवर जाऊन पांगतात. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तेवढ्या वर ऊन असतं म्हणून चमकतात. सगळं समजलं. आता लाजेची गोष्ट. मी ग्रुपवर खुलासा टाकला नाही. आजतागायत नाही. कारण खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांनी चार वर्षांत मेंटेनन्स सोडून माझ्याशी शब्द काढला नव्हता, ते जिन्यात थांबवून विचारायला लागले, "आवाज खरंच नव्हता?" आणि मी म्हणायचो, नव्हता. ते तर खरंच होतं ना.

इलेक्ट्रिकचं दुकान

२००० ची नोट, नोव्हेंबर २०१६. नॅनो चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सिग्नल देते. मी ट्यूबसमोर धरून धरून चिप शोधली. चिपला सप्लाय कुठून, हा प्रश्न मला पडला नाही, आणि धंदा कसला तर वायरिंगचा!! नोटा फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवल्या. होत्या किती, तर दोन.

मुक्काम हडपसर

अट मोडतेय, बाबांचं सांगते. जून २०२१. नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे चिकटतात अशी बातमी आली आणि आमचे बाबा, दोन्ही डोस झालेले, बनियन काढून हॉलमध्ये. चमचा चिकटला. पाचचं नाणं चिकटलं. उलथनं पडलं, पण ते म्हणे जड आहे म्हणून.

धागाकर्ती

अट मोडलीत. स्वतःचं सांगा.

मुक्काम हडपसर

सांगतेच. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, दिवा न लावता, आणि दंडाला चमचा लावला. चिकटला. खोटं वाटेल पण घशाला कोरड पडली. आता आपल्याला एमआरआय करता येणार नाही, विमानतळावर पकडतील, कुठल्या कुठे पोचले मी. पाचेक मिनिटं तशीच ओट्याला टेकून उभी, दंडाला चमचा. आणि मग डोक्यात आलं की मी तर अजून लस घेतलेलीच नाही, आमच्या वयाला स्लॉटच मिळत नव्हता!

उकाडा, घाम, अंगाचा तेलकटपणा, बस. सकाळी बाबांच्या छातीला टाल्कम पावडर चोपडली आणि चमचा लावला, टणकन फरशीवर. वाटलं सुटला प्रश्न. बाबा शांतपणे म्हणाले, "पावडरीने करंट तुटतो." अजून तेच म्हणतात.

माजी फौजी, वानवडी

संक्षेपात. २०१२-१३ च्या हिवाळ्यात लडाखमध्ये पॅंगॉंगच्या बाजूला आपले जवान रात्री आकाशातले दिवे टिपून ठेवत होते, चिनी ड्रोन समजून. ३२९ नोंदी. शेवटी बेंगळुरूच्या खगोलवाल्यांना बोलावलं, ते म्हणाले हा गुरू आणि हा शुक्र. पेपरला आल्यावर लोक फार हसले. मी हसलो नाही. मी त्या पोस्टवर नव्हतो, पण दुसऱ्या एका पोस्टवर एकदा पहाटे चार वाजता एका ताऱ्याकडे बघून सगळ्यांना स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, केलंय. तिथे हवा विरळ, ग्रह डोळ्यासमोर लोंबतात. आणि ड्यूटी अशी असते की शत्रू आहे असं धरूनच बघायचं. मग दिसतो.

नारायणगावकर

आमच्याकडं खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या. काही एका जागी आणि बाकीच्या तीन दिशांना लांब लांब पसरल्यात, वाय अक्षरासारख्या. आमची आजी म्हणायची, या छत्र्या ढग फोडतात म्हणून आपल्याकडं पाऊस नाही. मी बारावी सायन्स होईपर्यंत हे मानत होतो, आणि नुसतं मानत नव्हतो, आमच्याकडं पुरावा होता. ढग यायचा, छत्री फिरायची, ढग जायचा. हजार वेळा बघितलंय शेतातून. छत्री तर दिवसभर फिरतच असते आणि ढग तर जाणारच, आमचा पट्टा पर्जन्यछायेचा, हे डोक्यात कोण घेतंय. आजोबांच्या काळात पण दुष्काळ पडायचा का, हे आजीला विचारायचं सुचलं नाही.

एका वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो. गेटवर मोबाईल बंद करायला लावला. मी म्हणलं घ्या, लपवतायत काहीतरी. आतल्या पोराने समजावलं की वरून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की खिशातला मोबाईल त्याच्यापुढं लाऊडस्पीकर. या छत्र्या सोडत काहीच नाहीत, फक्त ऐकतात. ते ठीक, पण खरं सुटलं ते खाली उभं राहून वर बघितल्यावर. लांबून मला ती पत्र्याची वाटायची. जवळून बघितलं तर बारीक तारेची जाळी. पलीकडचं आभाळ दिसतं, वारा आरपार जातो, एक कावळा जाळीच्या मागून उडत गेला तो पण दिसला. म्हणलं ही ढग काय फोडणार, हिच्यातून कावळा दिसतोय.

तरी २०२४ ला शिरूर-जुन्नर-आंबेगावकडं रात्री ड्रोन फिरतायत म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते तेव्हा मी पण गच्चीवर होतो. काही खरेच ड्रोन होते म्हणे. मला जे दिसलं ते लोहगावला उतरणारं विमान होतं, हे मी सकाळी कबूल केलं. रात्री नाही.

सूक्ष्मदर्शक

जरा वेगळं. २००५ मध्ये हैदराबादहून एक बलून सोडला होता, ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घ्यायला. त्यात जिवाणू सापडले, त्यातल्या तीन जाती नव्या होत्या, आणि तपासणीचं काम हैदराबादबरोबर आपल्या पुण्यातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतही झालं. या सगळ्यामागे नारळीकर सरांचा उत्साह होता. त्यांचं म्हणणं, जीवसृष्टीचं बीज बाहेरून आलेलं असू शकतं. मी तेव्हा कॉलेजात, बातमी वाचून छाती फुगली, परग्रहावरचा जीव आणि तो पुण्यात फ्रिजमध्ये! सगळ्यांना सांगत सुटलो. प्रत्यक्षात इस्रोच्या निवेदनातच लिहिलं होतं की यावरून ते बाहेरून आले असं सिद्ध होत नाही. ते वाक्य मी वाचलं होतं. सांगताना गाळायचो, बस. आणि हेच नारळीकर सर २००८ मध्ये ज्योतिष तपासायला दोनशे पत्रिका घेऊन बसले होते, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांचे अंदाज सरासरी ४६ टक्के बरोबर आले, छापा-काटा केला असता तर जास्त आले असते.

आजी बोलतेय, नात टाईप करतेय

मी शनिवार पेठेतली, नदीपासून चार घरं आत. पानशेत फुटलं तेव्हा दहा वर्षांची होते. १२ जुलै १९६१. आदल्या दिवशी आमच्याकडे येणारी भाजीवाली म्हणाली, धरणाचं काही खरं नाही, सगळे बोलतायत. वडील शाळेत गणित शिकवायचे. ते हसले आणि आम्हाला म्हणाले, बघा, अफवा अशी तयार होते. दुसऱ्या दिवशी लकडी पूल पाण्याखाली होता. आम्ही पर्वतीकडे चालत गेलो. परत आलो तेव्हा घराची एक भिंत आणि त्यावरचं घड्याळ एवढंच राहिलं होतं.

मग सहा-सात महिन्यांनी अष्टग्रही आली. फेब्रुवारी ६२. मकर राशीत आठ ग्रह जमणार आणि जग बुडणार. ठिकठिकाणी यज्ञ. वडिलांचा पत्रिकेवर कधी विश्वास नव्हता, आईने कोणाची पत्रिका काढली तर चिडायचे. पण ३ तारखेपासून तीन रात्री ते बाहेरचे कपडे घालून झोपले. ट्रंक भरून दाराशी. त्यात काय होतं तर आमची दाखल्याची कागदं, थोडे पैसे आणि सातूचं पीठ. ५ तारीख गेली, काही झालं नाही. ट्रंक होळीपर्यंत दाराशीच होती, आई तिच्यावर धुणं ठेवायची. मला नाही वाटत त्यांना जग बुडणार असं वाटत होतं. त्यांना परत हसायची भीती वाटत होती. मी त्यांना कधी विचारलं नाही. माझं स्वतःचं विचाराल तर मला तेव्हा पीठ खायला मिळेल का एवढंच वाटत होतं.

तोरण्याचा माणूस

सगळे सुटल्याचं सांगतायत. माझं सुटलेलं नाही. १९९८ चा हिवाळा, आम्ही चौघं तोरण्यावर मुक्कामी. रात्री राजगडाच्या डोक्यावर नारिंगी दिवा. थांबला, मग सरळ वर गेला. शुक्र मला कळतो, विमान कळतं. आणि अमेरिकन हवाई दलाने प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये १९६९ पर्यंत आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. त्याचं काय?

इलेक्ट्रिकचं दुकान

उलगडा झाला नाही म्हणजे तबकडी झाली का? आमच्याकडून गेल्या वर्षी तीन वाट्या गेल्या, त्याचा पण उलगडा नाही.

धागाकर्ती

हसायचं नाही म्हणलं होतं ना. पण एक सांगते. १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने नऊ वस्तू उडताना पाहिल्या, तो म्हणाला पाण्यावर बशी फेकली की टप्पे खात जाते तशा त्या *चालत* होत्या. बशीसारख्या *दिसत* होत्या असं नाही. पेपरवाल्यांनी "उडत्या बश्या" छापलं, आणि मग लोकांना बश्याच दिसायला लागल्या. आपल्याकडे खापरी फेकून पाण्यावर भाकऱ्या काढतात, इथे झालं असतं तर उडत्या भाकऱ्या दिसल्या असत्या.

माजी फौजी, वानवडी

किती वाजता? किती वेळ? बाकी तिघं काय म्हणतात?

तोरण्याचा माणूस

वेळ नक्की नाही, जेवणं झाली होती. बाकी तिघांना गेल्या दिवाळीत विचारलं. एक म्हणतो दिवा थांबलाच नव्हता. एक म्हणतो दोन होते. तिसऱ्याला खिचडी करपलेली आठवते, दिवा नाही. मला आधी तो चांदणीपेक्षा जरा मोठा आठवायचा, आता चांगला पेरूएवढा आठवतो, हे माझ्याही लक्षात आलंय. तरी दिसला होता. अजून गडावर मुक्काम पडला की झोपायच्या आधी एकदा पूर्वेला बघून घेतो.

गच्चीवाला, कोथरूड

धागा वाचून लाज वाटली. आत्ता खाली जाऊन काकांना स्टारलिंकचं सगळं सांगून आलो. ते म्हणाले, "अरे ते मला त्याच रात्री मुलाने सांगितलं होतं. या महिन्याचा मेंटेनन्स भरलास का?"