शब्दचर्चा : ‘हिंसक अतिरेकवाद’, ‘प्रतिबंध’ आणि ‘प्रादेशिक संशोधनासाठी निधी’

प्रश्न

संशोधनाचे प्रस्ताव मागवणाऱ्या एका निवेदनाचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला आहे. त्याचे शीर्षक ‘हिंसक अतिरेकी प्रतिबंध प्रादेशिक संशोधन वित्तपुरवठा’ असे आहे. सहा शब्द ओळीने मांडलेले आहेत आणि एकालाही विभक्तीचा प्रत्यय नाही. लोक हिंसक विचारसरणीकडे वळू नयेत म्हणून काय करता येईल, याचा त्या त्या प्रदेशात अभ्यास व्हावा आणि त्या अभ्यासाला पैसा मिळावा, असा मूळ हेतू आहे. तो या शीर्षकातून वाचकापर्यंत पोहोचतो का? पोहोचत नसल्यास कोणते शब्द वापरावेत?

प्रतिसाद

पोहोचत नाही, आणि दोन ठिकाणी तर उलट अर्थ पोहोचण्याचा धोका आहे.

पहिला धोका ‘वित्तपुरवठा’ या शब्दात आहे. हा शब्द चुकीचा नाही, पण या विषयाच्या शेजारी तो आधीच एका कामाला जुंपलेला आहे. ‘दहशतवादाला होणारा वित्तपुरवठा’ हा शब्दप्रयोग बातम्यांत रुळला आहे. १९८९ मध्ये काळ्या पैशाच्या व्यवहारांना रोखण्यासाठी स्थापन झालेल्या ‘वित्तीय कृती दल’ (एफएटीएफ) या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे २००१ मध्ये दहशतवादाला मिळणारा पैसा रोखण्याचेही काम आले, आणि तेव्हापासून हे दोन शब्द जोडीनेच कानांवर पडत आले आहेत. त्यामुळे ‘अतिरेकी’ आणि ‘वित्तपुरवठा’ एकाच ओळीत वाचणाऱ्याच्या मनात संशोधकाआधी गुन्हेगार उभा राहतो. इथे ‘निधी’ किंवा ‘अर्थसाहाय्य’ म्हणावे. (साहाय्य, सहाय्य नव्हे, ही चूक छापील मजकुरातही फार दिसते.) त्या दोन शब्दांतही फरक आहे. बाजूला काढून ठेवलेली रक्कम म्हणजे निधी, ती एखाद्याला देण्याची कृती म्हणजे अर्थसाहाय्य, आणि अटी घालून, हिशेब मागून दिलेली रक्कम म्हणजे अनुदान. निवेदनात हप्ते, अहवाल आणि लेखापरीक्षण यांच्या अटी असतील, तर मजकुरात ‘अनुदान’ हाच प्रामाणिक शब्द ठरेल.

दुसरा धोका ‘अतिरेकी’ या शब्दाचा आहे. अतिरेक हा शब्द ‘रिच्’ या धातूपासून आला आहे. ‘अतिरिक्त’ हाही त्याच घरातला. मूळ अर्थ केवळ प्रमाणाबाहेर जाणे एवढाच, म्हणून काळजीचाही अतिरेक होऊ शकतो. पण गेल्या काही दशकांतील वृत्तपत्रीय मराठीने ‘अतिरेकी’ हा शब्द हातात शस्त्र घेतलेल्या माणसासाठी राखून ठेवला. त्यामुळे ‘हिंसक अतिरेकी’ ही मराठी कानाला द्विरुक्ती वाटते, आणि प्रतिबंधाच्या कामाचा जो खरा विषय आहे, म्हणजे अजून शस्त्र न उचललेला माणूस, तो शब्दातूनच बाहेर पडतो. म्हणून व्यक्तिवाचक ‘अतिरेकी’ टाळून विचारप्रवाहाचा निर्देश करणारा ‘अतिरेकवाद’ घ्यावा आणि त्याला ‘हिंसक’ हे विशेषण जोडावे.

आक्षेप

‘अतिरेकवाद’ म्हटल्यावर ‘हिंसक’ कशाला हवे? ‘उग्रवाद’ हा एकच शब्द पुरेसा नाही का?

प्रतिसाद

ते विशेषण मला अत्यावश्यक वाटते. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेसमध्ये फूट पडली, तेव्हा इंग्रजांच्या लेखी जे टोकाचे होते त्यांना मराठीने ‘जहाल’ म्हटले. त्यांचे मत टोकाचे गणले गेले, पण टोकाचे मत आणि हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हिंसक’ गाळले, तर कोणतीही तीव्र असहमती प्रतिबंधास पात्र ठरवण्याची मुभा शब्दच देतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी जानेवारी २०१६ मध्ये आमसभेपुढे ठेवलेल्या कृती आराखड्यात हिंसक अतिरेकवादाला स्पष्ट व्याख्या नसल्याचे मान्य केले आहे आणि व्याख्या करण्याचा अधिकार सदस्यराष्ट्रांकडे ठेवला आहे. मात्र ती व्याख्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याशी सुसंगत असली पाहिजे, अशी अटही घातली आहे. व्याख्याच सैल असताना विशेषणही सोडून देणे योग्य नाही. ‘उग्रवाद’ हिंदीत चांगला रुळलेला आहे. मराठीत तो सशस्त्र बंडखोरीकडेच झुकतो.

‘प्रतिबंध’ या शब्दाविषयी मी बराच काळ साशंक होतो. ‘प्रतिबंधित संघटना’ आणि ‘प्रतिबंधात्मक अटक’ यांमुळे त्याला बंदीचा आणि पोलिसी कारवाईचा वास आहे. पण ‘निवारण’ घ्यावे, तर ते आधीच उद्भवलेल्या गोष्टीचे होते, जसे तक्रारीचे. आणि ‘पायबंद’ आधीच सुरू झालेल्या गोष्टीला घालतात. रोगप्रतिबंधक लस म्हणताना मात्र आपण नेमका हवा तोच अर्थ घेतो : रोग होण्याआधीची तजवीज. या क्षेत्रात ‘प्रतिकार’ आणि ‘प्रतिबंध’ हा भेद महत्त्वाचा आहे. सुरक्षा परिषदेच्या २०१४ च्या २१७८ क्रमांकाच्या ठरावात भर प्रतिकारावर होता, तर २०१६ च्या आराखड्याने मुळाशी असलेल्या कारणांकडे लक्ष वेधले. म्हणून ‘प्रतिबंध’ ठेवावा आणि निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘लोक हिंसेकडे वळण्याआधीच’ हे शब्द घालावेत.

प्रश्नकर्ता

आणि ‘प्रादेशिक’? ते ‘क्षेत्रीय’ करावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे.

प्रतिसाद

‘क्षेत्रीय’ करू नये. संशोधनाला जोडून आल्यावर तो शब्द ‘प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेले’ असाही वाचला जाईल. पण ‘प्रादेशिक संशोधन’ हेही तीन अर्थांचे आहे : प्रदेशाविषयीचे, प्रदेशातल्या लोकांनी केलेले, आणि अनेक शेजारी देशांना एकत्र धरून केलेले. मलेशिया सरकारने २००३ मध्ये क्वालालंपूर येथे स्थापन केलेल्या दहशतवादविरोधी केंद्राच्या नावात ‘प्रादेशिक’ आहे. तिथे प्रदेश म्हणजे संपूर्ण आग्नेय आशिया. पैसा कोणाच्या हाती जाणार, हे या एका विशेषणावर अवलंबून असल्यामुळे ते संदिग्ध ठेवणे मला अन्यायाचे वाटते. दूरच्या राजधानीतील विद्यापीठाने प्रश्नावली तयार करायची आणि स्थानिक संशोधकाने केवळ ती भरून आणायची, यालाही ‘प्रादेशिक संशोधन’ म्हणता येते.

हा फरक निष्कर्षांपर्यंत जातो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१७ मध्ये आफ्रिकेविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात स्वेच्छेने सशस्त्र गटात सामील झालेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी अखेरचे निमित्त म्हणून सरकारी कारवाईकडे बोट दाखवले. आप्ताची किंवा मित्राची हत्या अथवा अटक हा त्या कारवाईचाच भाग होता. असे उत्तर मिळण्यासाठी विचारणाऱ्यावर विश्वास असावा लागतो आणि प्रश्न ऐकणाऱ्याच्या भाषेत असावा लागतो. ‘तुम्ही अतिरेकी का झालात?’ या प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो.

माझी सूचना अशी : ‘हिंसक अतिरेकवादाच्या प्रतिबंधाविषयी त्या त्या प्रदेशातील संशोधकांनी करावयाच्या अभ्यासासाठी अनुदान’. शीर्षक लांबले आहे, याची मला कल्पना आहे. ‘संशोधकांनी’ या शब्दाला निधी देणाऱ्या संस्थेची संमती आहे का, हे मात्र छपाईपूर्वी तिच्याकडून लेखी विचारून घ्यावे.