साध्या फोननं भागत नाही
फोनवरच्या फसवणुकीपासून वाचायला "म्हाताऱ्यांजवळ साधा फोनच ठेवा" असं वर एकानं सुचवलं, पण जी, कानाच्या मशीनच्या नावानं फसवणाऱ्यांना तेवढाही पुरतो. आमच्या दारव्हा तालुक्याकडे यांचे कॉल भर दुपारी, सगळे वावरात असताना. "वयोश्रीतून मशीन मंजूर झाली, नोंदणीचे पैसे भरा." वयोश्री नावाच्या सरकारी योजना म्हाताऱ्यांसाठी खरंच आहेत, म्हणून माणूस फसते. राष्ट्रीय वयोश्रीत कानाच्या मशीनसारखं साहित्य शिबिरात तपासून मोफत देतात. मुख्यमंत्री वयोश्रीत ६५ वर्षांवरच्या पात्र लोकांच्या खात्यात ३००० रुपये जमा होतात. पैसे यायला ओटीपी नाही लागत की पिन नाही.

मामाजींनी फोनवर नुसतं "हो हो" म्हटलं, तर आठवडाभरात पार्सल दारात, रोख मोजून सोडवायचं! आत आवाज मोठा करणारं प्लास्टिकचं डबडं. त्यातला खर्रर्र आवाज ऐकून ते स्वतःच म्हणाले, "फेका ते." कान न तपासता कानाची मशीन देता येते काय? आता पार्सलवाल्या पोराला सांगून ठेवलं: सून किंवा मुलगा घरी नसंल तर पैसे घेऊ नको. गावातलाच आहे, ऐकते.

ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, नातेवाईक जमा व्हायची वाट पाहू नका.